पोटाला कळतं

अविधवा नवमी, रात्री उशिरा

आज आजीचं पान वाढलं. आजोबा अजून आहेत, म्हणून आमच्याकडे तिचं नवमीलाच करतात. खीर, उडदाचे वडे, अळूची भाजी, गवार, भोपळा, कढी. आई पहाटेपासून खपत होती. सवाष्ण म्हणून शेजारच्या काकूंना बोलावलं होतं. ओटी भरून घेताना त्या म्हणाल्या, "भाग्याच्या हो तुमच्या सासूबाई, भरल्या कपाळानं गेल्या." आई नुसतीच हसली. दारी जेवायला आलेल्या बाईशी काय वाद घालायचा, म्हणून मीही गप्प राहिले. पण ते वाक्य दिवसभर डोक्यातून जात नाही. जीभ काढलेली, नाकात नळी, शेवटी शेवटी मानेवर फुटलेली गाठ आणि कुटून नळीतून द्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या. त्याही तालुक्याला मिळायच्या नाहीत, बाबा दर वेळी मुंबईहून आणायचे. याला भाग्य म्हणायचं?

म्हणून ट्रंकेतून ती वही काढून बसले आहे.

ही वही काही रोजनिशी म्हणून सुरू झालेली नव्हती. २००३ साली परळला टाटा हॉस्पिटलात आजीचं ऑपरेशन झालं, तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरनी सांगितलं होतं, की नळीतून किती वाजता काय दिलं आणि किती दिलं ते लिहून ठेवत जा. मी नुकतीच बारावी झाले होते. घरात मोकळी मीच आणि फायलीवरचं इंग्रजी वाचणारीही मीच, त्यामुळे आजीपाशी राहायला मला पाठवलं. लालबागला बाबांचे चुलतभाऊ, आमचे तात्या, राहायचे. गिरणी बंद पडल्यावर ते कुठेकुठे वॉचमनची कामं करत होते, पण चाळीतली खोली टिकवून होते. साताऱ्याकडची कितीतरी घरं अशाच एकेका खोलीच्या आधारावर मुंबईत औषधपाणी करून आली आहेत. ज्यांना तशी खोली नसायची ते हॉस्पिटलच्या समोरच्या फुटपाथवर पथारी टाकायचे, नाहीतर दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत नंबर लावायचे.

वहीचं पहिलं पान असं आहे: "सकाळी ७, चहा १०० मिली. ९, नाचणीची पेज गाळून २०० मिली. ११, ताक २०० मिली." आणि ताकाच्या ओळीपुढे, तिरक्या अक्षरात, कंसात: "आजी विचारते मीठ घातलं का."

ती विचारायची पाटीवर. जिभेचा मोठा भाग काढला होता, छातीचं मांस फिरवून तोंडात लावलं होतं, श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसवली होती. आवाज नव्हता. तात्यांनी लालबागच्या दुकानातून लाकडी चौकटीची पाटी आणि पेन्सिलींचा पुडा आणून दिला. मी ताकाची सिरिंज नळीला लावून वर धरली होती, तेवढ्यात तिनं माझा हात दाबला आणि लिहिलं, "मीठ?" मी म्हटलं, आजी, हे नाकातून थेट पोटात जातं, तुला चव कुठे लागणार आहे. तिनं पदरानं पाटी पुसली आणि लिहिलं, "पोटाला कळतं."

मी उठून मीठ घालून आणलं. ते वाक्यही त्या दिवशी वहीत लिहिलं. का लिहिलं ते तेव्हा ठाऊक नव्हतं. पाटी लहान होती, दोन वाक्यांत भरायची, आणि नवीन लिहायचं तर जुनं पुसावं लागायचं. मिलिलिटरचा हिशोब राहतो आणि हे पुसलं जातं, एवढंच खटकलं असेल.

आजीला लिहिता येत होतं हीच मुळात मोठी गोष्ट. ती शाळेत गेलेली नव्हती. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली, चौदा ते पन्नास वयाच्या निरक्षरांना चार महिन्यांत लिहायला-वाचायला शिकवायची. पुढे ती सगळ्या महाराष्ट्रात गेली, पण सुरुवात आमच्या जिल्ह्याची, हे आजोबा आजही छाती काढून सांगतात. आजी तेव्हा नवी नवरी. रात्री जेवणं उरकली की कंदील घेऊन बायका देवळात जमायच्या. सगळं गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा, गावकरी शपथ घ्यायचे. आमच्या गावच्या समारंभात आजीनं फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं होतं म्हणे. त्यानंतर चाळीस वर्षांत तिनं काय लिहिलं? सोसायटीच्या कर्जावर सही, दुधाचा हिशोब, माहेरी दोनचार पत्रं. आणि मग एकदम हे. देवळातल्या कंदिलाखाली शिकलेली बाराखडी तिला शेवटच्या वर्षात अशी कामी येईल, हे तिला शिकवणाऱ्या गुरुजींच्याही मनात आलं नसेल.

जोडाक्षरं ती फोडून लिहायची आणि बोलायची तसंच लिहायची. वहीत मी तिचं शुद्धलेखन सुधारलेलं नाही. "डाकटरला सांग दुखतंय." "घेवड्याला फुलं आली का इचार." "म्हैस कुणी पिळली." "तुझ्या बानं कुणाकडनं पैसं घेतलं ते खरं सांग." भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली की एकच वाक्य लिहून पाटी उशाशी उभी करून ठेवायची: "थकले. घरी जावा." नात्यातल्या एका बाईंना त्याचा राग आला होता. मला मात्र ती पाटी पाहिली की बरं वाटायचं.

पुढे गळ्यातली नळी निघाली, थोडा आवाज आला. बोललेलं आम्हाला समजायचंही. पण तिला तो आवाज आवडला नाही. माझा न्हाय ह्यो, असं तिनं लिहून दाखवलं आणि पाटीच वापरत राहिली.

मग लाइट सुरू झाली. रेडिएशनला वॉर्डात सगळे लाइटच म्हणायचे. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. गालावर, मानेवर जांभळ्या शाईच्या खुणा केलेल्या, त्यांना पाणी लावू नका अशी ताकीद. मुंबईचा पाऊस बाहेर कोसळत असायचा. मी छत्री आजीच्या मानेवर धरायची आणि आम्ही लालबागहून परळपर्यंत टॅक्सीचे पैसे वाचवत बसनं जायचो. रांगेत बसल्या बसल्या शेजारच्यांच्या फायली कळायच्या. कुणी बीडचं, कुणी बिहारचं, कुणी आसामचं. तिथेच कुणीतरी सांगितलं, की सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियानं गेल्या, त्यांच्यामागून हे हॉस्पिटल उभं करायचं ठरलं. दोराबजी पुढच्याच वर्षी वारले, हॉस्पिटल सुरू झालं १९४१ साली. माणूस गेल्यावर काय करायचं हा प्रश्न त्यांनाही पडला असणार. त्यांच्याकडे होतं ते त्यांनी केलं. त्या बाकड्यावर माझ्याकडे वही होती.

मिश्रीबद्दल लिहायला हवं. त्याशिवाय हे सगळं अर्धवट राहील.

तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची. घरभर ठसका लागायचा, आम्हा पोरांना अंगणात पिटाळायचे. मग कुस्करून, चाळून पत्र्याच्या डबीत. पहिल्या बाळंतपणात आजीची दाढ ठणकत होती, तेव्हा तिच्या सासूनं ही बोटावर दिली. ती कायमची. सकाळी सगळ्या बायका ओट्यावर बसायच्या, एक बोट तोंडात, हळूहळू हिरड्यांवर फिरवत, मधेच थुंकत, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या रेड्याचं बोलत. दिवसातली बसायची वेळ तेवढीच. पुन्हा दुपारी एकदा, पुन्हा रात्री. आजोबांच्या बिडीला घरात व्यसन म्हणायचे. आजी मात्र फक्त दात घासायची. तिला कुणी कधी अडवलं नाही, कारण तिला कसलं व्यसन आहे हेच कुणाच्या लेखी नव्हतं.

जिभेच्या कडेला फोड आला तेव्हा आधी दाताची कड लागते म्हणून दात काढला. मग मलम, मग ताकदीच्या गोळ्या. गावातल्या कुणाकडून फुंकरही घालून झाली. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर तपासून घ्यायची असते, एवढी साधी गोष्ट. ती आम्हाला कुणी सांगितली तोवर सुगी होऊन गेली होती आणि मानेत गाठ हाताला लागत होती. रोगाचं नावही घरात कुणी घेत नव्हतं. माझ्या आत्याच्या मुलीचं लग्न जमत होतं, म्हणून विचारणाऱ्याला "तोंड आलंय" असं सांगायचं ठरलं. काहींनी आमच्याकडे पाणी पिणं बंद केलं, तो लागण होणारा रोग नसतानाही.

२००४च्या आषाढात आजी गेली. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, कावळा शिवेना. भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी बाबांना सांगितलं, मिसरीची डबी ठेव, तिची इच्छा त्यात असंल. डबी आत्याच्या पिशवीत होती, तिनं काढलीसुद्धा. बाबांनी तिच्या हातून डबी घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यांसमोर आवाज चढवला, "नाही ठेवणार. ज्यानं आईला खाल्लं ते मी तिला वाढणार नाही." उन्हं वर आली तरी कावळा आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. लोक अजून म्हणतात, बिचारीचा जीव मिसरीत अडकला होता. मला विचाराल तर बाबांनी त्या दिवशी आईचं खरं श्राद्ध केलं.

मग वर्तमानपत्रात छापून आलं: अल्पशा आजाराने दुःखद निधन, अत्यंत प्रेमळ, मनमिळाऊ, सोशिक. दर वर्षी नवमीला तेच शब्द पुन्हा कानावर येतात. सोशिक होती, कधी हूं की चूं केलं नाही. वही उघडली की दिसतं, तिनं पुष्कळ चूं केलं. "ह्या पोराला सुई टोचता येत न्हाय, दुसरा बोलव." "देवाला इचार मी काय केलं." एका पानावर सलग तीनदा, मोठ्या अक्षरात, "दुखतंय." ती रागावत होती, घाबरत होती, हिशोब मागत होती, म्हशीची काळजी करत होती. माणूस गेलं की चांगल्या शब्दांनी त्याला झाकून टाकायची आपल्याकडे फार घाई असते. वर्षभरात आजीची देवी झाली, आणि देवीला कुठे काय दुखतं?

लोक म्हणतात लिहिल्यानं मन हलकं होतं. माझं काही होत नाही. आजही ती "दुखतंय"ची पानं मी पटकन उलटते. तरी लिहिते, कारण आजी पदरानं पाटी पुसायची आणि तिच्यानंतर बाकीच्यांनी उरलेलं पुसलं. ताकात मीठ आहे का हे विचारणारी बाई मला हवी आहे. तिचं बोलणं कुणी तरी तिच्याच शब्दांत धरून ठेवायला हवं, आणि तेव्हा शेजारी बसलेली मी होते.

संध्याकाळी आत्या म्हणाली, "कशाला उकरून काढतीस गं ते? झालं गेलं." मी वही तिच्या हातात दिली. आत्या सातवी शिकलेली, चष्मा लावून बोट ठेवून वाचते. किती तरी वेळ वाचत होती. "घेवड्याला फुलं आली का" इथं हसली. नंतर हसली नाही. आजीची मिश्री भाजायचं काम आत्याकडेच असायचं, आणि ती स्वतः अजून लावते. दर वर्षी मी तिच्याशी भांडते, दर वर्षी ती म्हणते, आता ह्या वयात काय सुटतंय.

आज वही मिटून ती म्हणाली, "बॅटरी आण." मला आधी कळेना. मोबाइलचा उजेड धरला तर तिनं गाल बोटानं ताणून दाखवला. आत, खालच्या दाढांच्या बाजूला, पांढरट चट्टा. खरवडून निघत नाही म्हणाली, दिवाळीपासून आहे. झोंबतं, तिखट खाववत नाही.

असा चट्टा म्हणजे कॅन्सरच असं नसतं, हे मी तिला दोनदा सांगितलं. मिश्री सुटली तर काहींचे मावळतातही. पण डॉक्टरांनी बघायला हवं, लागलं तर तुकडा काढून तपासायला हवा. बाबा सकाळी लवकरची एस.टी. धरू म्हणतायत, मी रिक्षा सांगून ठेवली आहे. आत्यानं एकच अट घातली: डॉक्टर काय म्हणतील ते तिच्या देखत, जसंच्या तसं लिहून घ्यायचं, घरी येऊन कुणी "तोंड आलंय" म्हणायचं नाही. वहीची मागची पानं कोरी आहेत. ती बरोबर नेते आहे.