गाडी न येणाऱ्या स्थानकासमोरचे हॉटेल

कॅनडाच्या राजधानीत, ओटावात, माझा मुक्काम भाचीच्या घरी होता, त्यामुळे शातो लॉरिए या हॉटेलात राहण्याचा प्रश्न नव्हता. तसा तो खिशालाही झेपला नसता. संसद भवनाची टेकडी, पार्लमेंट हिल, पाहून आणि रिडो कालव्यावरचा पूल ओलांडून मी त्याच्या दाराशी पोहोचलो, तेव्हा फिकट चुनखडीच्या भिंती, गोल बुरूज आणि हिरवट पडलेले तांब्याचे उतरते छप्पर पाहून फ्रान्समधल्या एखाद्या सरदाराच्या वाड्यासमोर आल्यासारखे वाटले. प्रत्यक्षात ही इमारत 1912 सालची असून ती ग्रँड ट्रंक या रेल्वे कंपनीने बांधली.

कंपनीचे अध्यक्ष चार्ल्स मेलव्हिल हेज इंग्लंडहून उद्घाटनासाठी परत निघाले ते नेमके टायटॅनिकने, आणि ते परतलेच नाहीत. एप्रिलमधला सोहळा पुढे ढकलून 1 जूनला झाला. ज्यांचे नाव हॉटेलला दिले, त्या माजी पंतप्रधान सर विल्फ्रिड लॉरिए यांचा संगमरवरी अर्धपुतळा आजही आत आहे. तो घडवणारे फ्रेंच शिल्पकार पॉल शेव्हरे त्याच जहाजावर होते, मात्र ते वाचले. हे वाचून गेलो असल्यामुळे पुतळ्यासमोर उभा असताना मला लॉरिएंपेक्षा शिल्पकाराचाच विचार अधिक येत राहिला.

आतल्या बैठकीच्या दालनात चर्चिल यांचे ते प्रसिद्ध छायाचित्र आहे. युसुफ कार्श यांनी ते 1941 मध्ये समोरच्याच संसद भवनात टिपले, आणि चर्चिल यांच्या तोंडातला सिगार त्यांनी ऐन वेळी काढून घेतल्यामुळेच त्या चेहऱ्यावर तो राग उमटला. कार्श पुढे अनेक वर्षे याच हॉटेलात राहत होते. 2021 च्या अखेरीस कोणीतरी हे छायाचित्र चोरून त्या जागी नक्कल टांगली, ती 2022 च्या ऑगस्टपर्यंत कोणाच्या लक्षात आली नाही. मूळ छायाचित्र इटलीत सापडून 2024 मध्ये परत आले. मीही बराच वेळ निरखून पाहिले, पण मला नक्कल दाखवली असती तरी मी तितक्याच भक्तिभावाने पाहिली असती, हे कबूल करायला हवे.

रस्त्यापलीकडे स्तंभांची भव्य रांग असलेले जुने युनियन स्टेशन आहे. पूर्वी गाडीतून उतरलेले प्रवासी रस्त्याखालच्या भुयारातून थेट हॉटेलात येत. 1966 मध्ये स्थानक शहराच्या कडेला हलवले गेले आणि 2019 पासून या जुन्या इमारतीत कॅनडाच्या संसदेचे वरिष्ठ सभागृह, सिनेट, भरते. दुसऱ्या दिवशी मॉन्ट्रियलची गाडी पकडण्यासाठी मी हॉटेलजवळच्याच भुयारी थांब्यावरून मेट्रोत बसलो. रेल्वे स्थानक तिथून चार थांबे दूर होते.