अर्धं आत, अर्धं बाहेर

डांग्या खोकल्याच्या जिवाणूच्या पृष्ठभागावर पर्टॅक्टिन नावाचं प्रथिन असतं. लशीतही ते वापरतात. खरं वजन 60 किलोडाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं एकक) आसपास, पण प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर 69 ला धावतं. म्हणून जुनं नाव पी.69. जेलवरचा आकडा डोळे झाकून मानणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते.

आम्ही ते ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूत बनवतो. मला छळणारा प्रश्न वेगळाच आहे. आतल्या पटलातून बाहेर पडलेली ही प्रथिनाची लांब साखळी पेरिप्लाझममध्ये, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या पटलांमधल्या जागेत येते, तिथे एटीपी (पेशीचं इंधन) नाही. बाहेरच्या पटलाच्या दोन बाजूंत ऊर्जा देणारा प्रोटॉनचा फरकही नाही. मग तिला बाहेर ओढतं कोण? शुद्ध पर्टॅक्टिन उलगडून परत घडी घालायला ठेवलं, तर ते इतका वेळ घेतं की तेवढ्यात जिवाणूंच्या कित्येक पिढ्या होतात. साखळीचं सी-टोक (शेवटचं टोक) आधी बाहेर येतं. ते बाहेर येताच घडी घालून बसत असेल, तर माघारी सरकायची वाटच बंद!

तपासायला साखळी मध्येच अडकवावी लागते. एन-टोकाकडे (सुरुवातीच्या टोकाकडे) सिस्टीन ही गंधक असलेली दोन अमिनो आम्लं घातली. पेरिप्लाझममध्ये त्यांचा डायसल्फाइड बंध (दोन गंधकांमधला पूल) जुळतो आणि तयार झालेला फासा बाहेरच्या पटलातल्या अरुंद वाटेतून निघत नाही. मग जिवंत पेशींवर प्रोटीनेज के, म्हणजे प्रथिनं कापणारं विकर. उघडं, सैल असेल ते खाल्लं जातं, घट्ट घडीतलं उरतं.

इथे खरी कसरत सुरू होते. प्रोटीनेज केला थांबवणारं पीएमएसएफ पाण्यात फार टिकत नाही, म्हणून ते ऐनवेळी घालायचं आणि लगेच टीसीए, म्हणजे प्रथिनं साक्यात बसवणारं आम्ल. नाहीतर नमुना उकळताना जे जे उलगडतं, ते सगळं शिल्लक राहिलेलं प्रोटीनेज के फस्त करतं. बाहेरचं पटल शाबूत होतं का, हे ओम्पए नावाचं त्याच पटलातलं प्रथिन सांगतं: पटल फाटलं की ओम्पएचा आतला भाग कापला जातो, जेलवरचा त्याचा बँड (पट्टी) खाली येतो. हा कंट्रोल न दाखवता निष्कर्ष काढणारे पेपर वाचले की माझं डोकं फिरतं.

त्या दिवशी ओम्पए जागचं हललं नव्हतं आणि अडकलेल्या साखळीचा एक तुकडा उरला होता. वरिष्ठ सहकारी जेलकडे धड न बघता म्हणाले, "अर्धवट पचलंय. अजून वेळ दे." दिला. तुकडा तेवढाच. मग शेजारच्या लेनमध्ये शुद्ध पर्टॅक्टिन चालवलं, ग्वानिडीन या प्रथिनं उलगडणाऱ्या रसायनात अर्धं उलगडून प्रोटीनेज केने कापलेलं. त्यातही सी-टोकाचा गाभाच तेवढा वाचतो. दोन्ही बँड एकाच उंचीवर. परीक्षानळीत सर्वांत चिवट ठरलेला भाग जिवाणूवर सर्वांत आधी घडी घालून बसला होता. सहकारी "छान" म्हणाले आणि चहाला गेले.

पण तुकडा घडीत आहे म्हणजे तोच ओढतो, असं होत नाही. हिवतापाच्या परजीवीचं एमएसपी2 हे घडीच नसलेलं प्रथिनही याच मार्गाने बाहेर पाठवता येतं, आणि किती जाईल हे त्याच्यावरच्या विद्युतभारावर ठरतं. म्हणजे घडी हे एक बळ असेल, एकमेव नाही. फोटो सुबक आला की लोकांना हा फरक ऐकायचा नसतो. आता सी-टोकाचा गाभाच सैल करणारे बदल करतेय, विद्युतभार मात्र होता तसाच ठेवून.