आजोबा नदीच्या कुठल्या बाजूचे?

आमच्या पेडण्यात, गोव्याच्या उत्तर टोकाच्या तालुक्यात, हल्ली लग्नाची बोलणी सुरू झाली की आधी नोकरी, मग घर आणि मग हळूच कुणीतरी विचारतं, 'पोर्तुगीज काढलाय का?' पासपोर्ट असं म्हणावंही लागत नाही.

गोव्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. 19 डिसेंबर 1961 च्या आधी इथे जन्मलेल्या माणसाला पोर्तुगाल अजून आपला मानतो, त्याच्या मुला-नातवंडांनाही हक्क मिळतो, जन्म लिस्बनला रजिस्टर केला की पुढे पासपोर्ट आणि युरोपात कुठेही काम. पोर्तुगालमध्ये राहायला फारसं कुणी जात नाही हो, सगळे गेले इंग्लंडला, स्विंडन नाहीतर साऊथॉल. ब्रेक्झिटनंतर 2020 संपलं तशी नव्यांसाठी ती वाट बंद झाली, म्हणून आता आयर्लंडच्या चौकश्या.

तर माझी आई आरोंद्याची, म्हणजे आताच्या महाराष्ट्रातली. किरणपाणीचा पूल ओलांडला की माझं आजोळ, बोली तीच, दशावतार तोच, सोयरीक तर पिढ्यान्‌पिढ्या चालू, फक्त तेरेखोल नदीच्या पलीकडे तेव्हा सावंतवाडी संस्थान होतं आणि अलीकडे पोर्तुगीज. एवढ्यावरून माझा चुलतभाऊ उद्या युरोपियन होऊ शकतो आणि मामेभाऊ नाही. मामेभाऊ रोज बाईकने मोपा विमानतळावर कामाला येतो, बाहेर जाणाऱ्यांच्या बॅगा चढवतो, आणि इथल्या नाक्यावर त्यालाच ऐकवतात की भायल्यांनी, म्हणजे बाहेरच्यांनी, आमच्या नोकऱ्या खाल्ल्या. ऐकवणाऱ्याचा स्वतःचा मुलगा स्विंडनला वेअरहाऊसमध्ये! तिकडे तो कोण, हे मात्र विचारायचं नाही.

आपण सगळे जगाचे नागरिक वगैरे भाषणं ऐकते तेव्हा मला हेच आठवतं. जग कुणाला किती मोकळं, हे जुन्या रजिस्टरातलं एक पान ठरवतं, त्यात आपलं कर्तृत्व काय?

हक्क मलाही आहे, पण मी काढला नाही, त्यात देशप्रेमाचा मोठा आव नाही. भारत दोन नागरिकत्वं देत नाही, तो पासपोर्ट घेतला की हा परत करायचा. मग ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं त्या कार्डावर, या, राहा, पण मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. मला ग्रामसभेत जाऊन भांडायला आवडतं, ते सोडून कुठे जाऊ! जे गेले त्यांना गद्दार म्हणणारे मात्र मला अजिबात पटत नाहीत, इथल्या पगारात घर चालवून दाखवा आणि मग बोला.

आणि गंमत म्हणजे परवा मामेभावाच्या डोक्यात आलं की आपली आजी तर माहेरची कोरगावची, म्हणजे पेडण्याचीच की! आता तो तिच्या जन्माचा दाखला शोधत फिरतोय. मामी म्हणते, 'आदी हयली नोकरी परमनंट होता काय ता बघ.'