रस-शिरवाळे खायचेत? आदल्या संध्याकाळी सांगून या

मालवणात पहिल्याच दिवशी गंडलो. बाजारातल्या एका हॉटेलच्या पाटीवर 'रस-शिरवाळे' (तांदळाच्या शेवया आणि नारळाच्या दुधाचा गोड रस) वाचलं आणि आत शिरलो. एका वाटीचे 160 रुपये. आलं काय, तर फ्रिजमधल्या, एकमेकींना चिकटलेल्या शेवया आणि त्यावर गोडसर पांढरं पाणी. अहो, नारळाच्या दुधात गूळ पडला की रसाला बदामी रंग येतो. हा पांढराफेक! विचारलं तर म्हणे, टुरिस्टांना असाच आवडतो. 160 रुपये!

मग एका रिक्षावाल्याने वाडीतली एक खानावळ सांगितली. शेवटचा टप्पा वाईट आहे. लाल मातीची उतरण, वर सुटे चिरे. बाइक वरच ठेवा, आम्ही खाली नेली आणि परत चढवताना क्लचचा वास आला. आणि एवढं करून काकी दारातच म्हणाल्या, "काल सांगूक व्हया होता, झिला. आता खंय मिळतले?"

बरोबर होतं त्यांचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गेलो तेव्हा कळलं. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, मळून मुठीएवढे गोळे करायचे, ते उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच लाकडी साच्यात घालायचे. गोळा निवला की साचा हलत नाही. काका दांड्यावर अख्खं वजन टाकून ओणवे, खाली काकी केळीचं पान फिरवत बसलेल्या. पानावर वाफाळते पांढरे वेटोळे पडत होते. दोन माणसांशिवाय हे काम होत नाही, म्हणून एका प्लेटसाठी कोणी साचा काढत नाही. चारजण तरी जमवा, नाहीतर आमच्यासारखं शेजारच्या घराची ऑर्डर असेल तो दिवस गाठा.

रस कोमट, वेलचीचा, गुळाला चिमूटभर मीठ. चमचा मागू नका. वेटोळं हाताने मोडून रसात बुडवायचं, रस कोपरापर्यंत ओघळतो, ओघळू द्या. मी सहा खाल्ले. नंतर दुपारी माशाचं ताट घ्यायची हिंमत झाली नाही, तेव्हा त्या दिवशी जेवणाचा दुसरा बेत ठेवू नका. बांधून तर मुळीच घेऊ नका, उन्हात नारळाचा रस आंबतो.

बाकी दोन दिवस सिंधुदुर्ग किल्ला आणि तारकर्ली. छान आहे, बघा. पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद असते एवढं लक्षात ठेवा.

वाडीत रेंज नाही, म्हणून फोनवर विसंबू नका, स्वतः जाऊन सांगा. आणि सुटे न्या. दोघांचे मिळून 160 झाले, हो, तेवढेच! माझ्याकडे दोनशेची नोट, काकींकडे सुटे नाहीत. उरलेल्या चाळीसची आमसुलं बांधून दिली.