वेळासचं कासव हेडसेटमध्ये

आज पोरांना कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावरच्या कासवांची व्हीआर फिल्म, म्हणजे हेडसेट डोळ्यांवर लावून चहूबाजूंनी बघायची फिल्म, दाखवली. त्या सत्रातून निघालेल्या या टिपा, असे प्रयोग करणाऱ्यांसाठी. फिल्म ४-५ मिनिटांचीच हवी आणि कॅमेरा स्थिर असलेली. कॅमेरा पळाला की डोळे म्हणतात चाललोय, आतला कान म्हणतो बसलोय, आणि पोरांना मळमळतं. फिरत्या स्टुलावर बसवा. फाइल आधीच हेडसेटमध्ये उतरवून न्या. कोकणातल्या नेटवर्कच्या भरवशावर राहायचं नसतं. भिंगं कोरड्या मायक्रोफायबरनेच पुसा, सॅनिटायझर नको, कोटिंग खराब होतं. हेडसेट उन्हात उताणा तर अजिबात ठेवू नका, भिंगातून ऊन एकवटून पडदा जळतो!

एवढा खटाटोप कशाला? ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची पिल्लं उजेडाकडे वळतात, किनाऱ्यावरच्या टॉर्चनेही भरकटतात. हेडसेटमध्ये मात्र कितीही गर्दी करा, पिल्लू थेट समुद्राकडेच जातं.