३०० ओहमचा पाहुणा

भाचा बोटीवर असतो. गेल्या चवथीला फोंड्याला आला, तेव्हा त्याने आपला सेनहायझर एचडी ६०० माझ्या मांडीवर ठेवला. "मामा, तू गाण्यातला माणूस, तुलाच ठेव. केबिनमध्ये हा काही कामाचा नाही, सगळं शेजारच्याला ऐकू जातं." ते खरंच होतं. हा हेडफोन दोन्ही बाजूंनी जाळीचा, उघडा. आतलं बाहेर जातं आणि बाहेरचं आत येतं. घरी आरामखुर्चीत बसून ऐकायला मात्र त्याला तोड नाही. मी हौसेने फोनला लावायला गेलो, तर फोनला भोकच नाही.

बाजारात मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या एका गाड्यावरून दीडशे रुपयांचा टाइप-सीचा तुकडा आणला. लावला, तर आवाज शून्य. मला वाटलं तुकडाच बिघडलेला आहे. पण असल्या तुकड्यात नुसत्या तारा असतात. ज्या फोनच्या टाइप-सी भोकातून तयार आवाज बाहेर येतो, तिथेच ते चालतात. माझा फोन आकडे बाहेर टाकतो. त्या आकड्यांचा आवाज करणारी चिप, म्हणजे डॅक, आणि त्याला जोर देणारा छोटा अँप त्या तुकड्यातच लागतो. म्हणून खरा डॅक असलेला हजाराच्या आतला तुकडा, म्हणजे डोंगल, घेतला. नव्या गाण्यांना तो चालून जाई. जुन्या मैफलींचं रेकॉर्डिंग मात्र मुळातच हळू असतं. तिथे आवाज टोकाला नेऊनही आलाप शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटायचा.

पुढचे तीन आठवडे बायकोच्या शब्दांत सांगायचं तर "यडं लागल्यासारखे" गेले. डोंगलच्या खोक्यांवर ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ असे आवाजाच्या बारकाव्याचे आकडे आणि सोनेरी हाय-रेसचा शिक्का. सीडी १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झची असते. तिच्यात सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं (डेसिबल म्हणजे आवाजाच्या मोठेपणाचं माप) अंतर बसतं. आमच्या खोलीत पंखा फिरतो, पावसात बाहेर बेडूक ओरडतात आणि माझे कान पन्नाशीला टेकलेत. ते मोठे आकडे मी सरळ खोडून टाकले. चिप कुठल्या कंपनीची यावरही लोक हमरीतुमरीवर येतात, तिकडेही मी फिरकलो नाही.

मला हवा होता तो आकडा व्होल्टचा, आणि खोक्यावर तोच बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच. एचडी ६०० हा ३०० ओहमचा आहे, म्हणजे वीज सहज आत घेत नाही. १ व्होल्ट दिला की तो ९७ डेसिबल देतो. व्होल्ट दुप्पट केले की ६ डेसिबल वाढतात, म्हणजे २ व्होल्टला १०३, ४ व्होल्टला १०९. माझा स्वस्त डोंगल १ व्होल्टचा होता. तिथेच घोडं अडलं होतं.

खोक्यावर मात्र "२४० मिलिवॅट" असं ठसठशीत छापतात आणि खाली बारीक "३२ ओहमला". या आकड्याचं काय करायचं ते शाळेतल्या ओहमच्या नियमाने सुटतं. ०.२४ गुणिले ३२, त्याचं वर्गमूळ काढलं की साधारण २.८ व्होल्ट. तेच व्होल्ट ३०० ओहमवर टाकले तर जेमतेम २६ मिलिवॅट उरतात. अर्थात माझ्या हेडफोनला तेवढे पुष्कळ झाले. पण २४० आणि २६ यांत फरक आहे की नाही? हे गणित जमल्यावर अर्धी खोकी आपोआप बाजूला पडली.

ऐकून घ्यावं असं दुकान मला पणजी-मडगावात सापडलं नाही. एका लग्नासाठी करमळीहून कोकणकन्या धरून मुंबईला गेलो, तेव्हा हेडफोन पिशवीत घेतला. दुकानदाराने आधी सात हजारांचा, मग पंचवीस हजारांचा डोंगल लावून दिला. "फरक जाणवला ना, सर?" जाणवला. दुसरा भरदार होता, मोकळा होता. मी पाकिटाला हात घातलाच होता, तेवढ्यात लक्षात आलं की दुसऱ्याचा आवाज मोठा लावलाय. हळू करायला सांगितल्यावर भरदारपणा बराचसा ओसरला. १ डेसिबलचा फरक कानाला "मोठा" वाटत नाही, "चांगला" वाटतो. दुकानदार लबाड होता असं मी म्हणत नाही. त्यालाही कदाचित तसंच ऐकू येत असेल.

ऐकताना माझीही एक चूक झाली. मी केसरबाई केरकरांची जुनी तबकडी लावून परीक्षा घेत होतो. त्यांचं केरी गाव आमच्यापासून जवळच, आणि १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून त्यांची भैरवी अंतराळात गेली, याचा आम्हाला कोण अभिमान! पण अशा तबकडीची खरखर कुठल्याही डॅकच्या खरखरीपेक्षा कितीतरी जास्त असते. त्यावरून डॅक काय कळणार? नंतर मी नव्या रेकॉर्डिंगमधला नुसता तंबोरा लावायला लागलो. जवारी, म्हणजे तारांची ती झणझण, सुटी-सुटी ऐकू येते का, आणि दोन सुरांमधली शांतता शांत आहे का, एवढंच बघायचं.

शेवटी मूनड्रॉपचा डॉन प्रो मागवला. साध्या ३.५ मिलिमीटरच्या भोकातून २ व्होल्ट, ४.४ च्या बॅलन्स्ड भोकातून, म्हणजे दोन्ही कानांच्या तारा वेगळ्या ठेवणाऱ्या भोकातून, ४. साडेपाच हजारांच्या आसपास पडला. परत करायला सात दिवस होते. तेवढ्यात पर्वरीच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून त्याचा अठ्ठावीस हजारांचा डोंगल दोन दिवसांसाठी मागून आणला. शेजारी फ्रीज दुरुस्त करतो, त्याचा मल्टीमीटर आणला. जुनी ऑक्सची वायर कापून, ६० हर्ट्झचा सूर वाजवून दोन्हींचे व्होल्ट जवळपास सारखे केले. ६० हर्ट्झ अशासाठी, की साधा मल्टीमीटर घरातल्या विजेच्या आसपासच्या सुरालाच खरं बोलतो. मग डोळे मिटून बसलो आणि मुलगी नाणं उडवून डोंगल बदलत राहिली. वीसपैकी अकरा ओळखले. "बाबा, नाण्याने पण एवढे ओळखले असते," असं म्हणून ती चहा करायला गेली.

बसमध्ये मात्र फरक कळला, आणि तोही उलटा. म्हार्दोळ-मंगेशी-बाणस्तारी करत पणजीला जाताना मी साधे इअरफोन लावतो. ते इतके संवेदनशील आहेत की महागड्या डोंगलमध्ये गाणं थांबलं की बारीक सळसळ ऐकू यायची. जोर ३०० ओहमला लागतो. इअरफोनला तोच जोर म्हणजे मुंगीवर पाटा-वरवंटा. डॉन प्रोवर सळसळ मला तरी ऐकू आली नाही. सहकाऱ्याला हे सांगितलं नाही, त्याने हौसेने घेतलाय.

४ व्होल्टसाठी हेडफोनला वेगळी केबल लागते. चांगली घ्यायची तर अडीच-तीन हजार. २ व्होल्टवर मी अजून आवाजाच्या टोकाला पोचलो नाही, म्हणून नाही घेतली. डोंगलला स्वतःची बॅटरी नाही, तो फोनचीच खातो. पावसात वीज गेली की हे टोचतं, आणि आमच्याकडे ती जाते. नेटवर्क क्षीण असलं की कधीकधी घर्र-घर्र येते, तेव्हा फोन विमान मोडवर टाकतो.

एक गोष्ट आधी सुचायला हवी होती. खिशात फोन, त्याला लोंबकळणारा डोंगल, त्याला इअरफोन. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसच्या, गर्दीत कोणाची तरी पिशवी वायरीत अडकते आणि सगळा भार टाइप-सीच्या भोकावर येतो. माझं भोक आता थोडं हलतं. सध्या डोंगल फोनच्या पाठीला दोन रबरांनी बांधून ठेवतो. दिसतं वाईट.