घडी मोडायची राहिली

दिवाळीच्या आधी आई पैठणी बाहेर काढते. नेसायला नव्हे, घडी बदलायला. वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिली की रेशीम तिथेच चिरतं. यंदा त्याच कपाटातून माझी सीडींची थैली निघाली. वर स्केचपेनने लिहिलेलं, ‘बॅकअप २००४, जपून ठेवणे’. जपून ठेवली होती खरी. वीस वर्षांत कुणाचा हात लागला नव्हता.

लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही. शेजाऱ्यांकडून जुना ड्राइव्ह आणला. १४ पैकी ८ चालल्या, बाकीच्या घुरघुरून गप्प झाल्या. विकतच्या गाण्यांच्या सीडीत माहिती ठशासारखी दाबलेली असते. घरी राइट केलेल्या सीडीत लेझर रंगाच्या पातळ थरावर खुणा उठवतो. रंगच तो, उजेडात नि दमट हवेत विटतो. त्यात मी हौसेने स्टिकर चिकटवलेले. चंदेरी थर असतो लेबलच्या बाजूलाच, वार्निशच्या पातळ लेपाखाली. स्टिकर सुटला तो तो पापुद्रा घेऊनच. आणि मी आयुष्यभर खालच्या बाजूला बोटं लागू नयेत म्हणून जपत आलो!

पेन ड्राइव्हचंही फार कौतुक नको. त्यात असतो नुसता विद्युतभार. वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला की तो हळूहळू झिरपून जातो. मुरांबा बिघडला तर निदान वास येतो.

चाललेल्या आठांतल्या एकीत बाबांच्या आठवणी होत्या. दोन बोटांनी टाइप केलेली चाळीस पानं. फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस यांचा चिवडा. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी सगळ्या संगणकांची सामाईक पद्धत. देवनागरी त्यात १९९१ पासून आहे, पण आपल्याकडे त्यानंतरही कित्येक वर्षं डीटीपीवाल्यांचे फॉन्ट चालले. त्यांत इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असे. फॉन्ट गेला की चित्र गेलं. एक बिटही हरवला नव्हता आणि एक शब्दही लागत नव्हता. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले मोडी कागद आहेत, त्यांची गत हीच. लिहिलेलं शाबूत, वाचणारे मोजके.

शेवटी एक कन्व्हर्टर मिळाला. बहुतेक मजकूर त्याने परत दिला, जोडाक्षरांशी मात्र अडखळला. पोथ्या उतरवणारे शेवटी लिहून ठेवत, ‘यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया’. जसं दिसलं तसं उतरवलं, दोष मला देऊ नका. कन्व्हर्टरचा पवित्रा तोच.

आई मांडीवर अर्धी उलगडलेली पैठणी घेऊन शेजारी बसली होती. एका ओळीशी मी थांबलो. ‘प’ आणि पुढे दोन चौकोन.

“पऱ्ह्या असेल,” ती म्हणाली. “घरामागचा. पावसात त्याच्या आवाजाने झोप लागायची नाही, म्हणायचे.”